मंडळीची नामावली आणि मंडळीचा कारभार

एखाद्या संस्थेचा कारभार खरोखर कोणाच्या हाती आहे हे जाणावयाचे असेल, तर तिच्या अध्यक्षाचे नाव विचारू नये. तिच्या सभासदांची वही कोणाच्या कपाटात असते हे विचारावे. अध्यक्ष दर तीन वर्षांनी बदलतो; कपाटाची किल्ली बहुधा बदलत नाही. शिंदखेडे तालुक्यातील व्यापारी वर्गास ही गोष्ट फोड करून सांगावयास नको. दोंडाईच्याच्या बाजार समितीची निवडणूक असो की गावच्या विविध कार्यकारी सोसायटीची असो, खरी झुंज मतदानाच्या दिवशी होत नाही, मतदारयादी लागते त्या दिवशी होते. कोणाचे नाव राहिले, कोणाचे गळले, मृताचे नाव कोणी ठेवले व जिवंताचे कोणी खोडले, एवढे ठरले म्हणजे पुढील मतमोजणी हा केवळ उपचार राहतो.

हाच न्याय ख्रिस्ती मंडळ्यांच्या कारभारास लावून पाहावा, असा आमच्या आजच्या लेखाचा हेतु आहे. प्रत्येक मंडळीने आपल्या सामान्य सभासदांची, म्हणजे जे पाळक किंवा धर्मगुरु नाहीत अशा स्त्रीपुरुषांची, बिनचूक नामावली करावी. आणि मंडळीच्या वरिष्ठ कार्यकारी सभेत जे सामान्य सभासद निवडून जातात त्यांचीही स्वतंत्र नामावली छापून प्रत्येक घरी द्यावी, अशी मागणी विचारी ख्रिस्ती गृहस्थ करितात. ती मागणी रास्त आहे, किंबहुना तिच्यावाचून बाकीच्या सर्व सुधारणा पोकळ आहेत, असे आमचे मत आहे.

“ख्रिस्ती लोकांच्या वहीशी आम्हांस काय कर्तव्य?” असे विचारणारे काही वाचक निघतील. सन २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लक्ष ८० हजार, म्हणजे शेकडा एकाहूनही किंचित कमी आहेत. आणि शिंदखेड्यासारख्या गावी तर ते थोडेच. परंतु त्यांच्या मंडळ्यांकडे ज्या संस्था आहेत त्यांचा उपयोग त्यांनीच केला असे नाही. नंदुरबारच्या मिशन हायस्कुलात शिकलेली मुले सर्व जातींची आहेत, आणि नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयात खाट देताना रोग्याचा धर्म कोणी विचारीत नाही. शिवाय, शंभर वर्षांपूर्वी गावाबाहेर घेतलेली मिशनची आवारे आज अनेक ठिकाणी भरवस्तीत आली आहेत. अशा मोक्याच्या जागांवर कोणकोणाचा डोळा असतो, हे आम्ही व्यापारी वाचकांस सांगावे काय? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून विकता येत नाही. ती मंजुरी मागण्याचा ठराव ज्या पंचांनी केला ते पंचच खरे निवडलेले नव्हते, असे उद्या ठरले, तर पैसे मोजून बसलेल्या सावकाराचा कागद कोर्टाच्या खुंटीवर लटकत राहतो. तेव्हा दुसऱ्याच्या वहीतील घोळ आपल्याही वहीत खर्ची पडतो, हे ध्यानात ठेवावे.

या घोळाचे मूळ समजण्यास थोडे मागे गेले पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक सन १८१३ त मुंबईस उतरले. खानदेशात मिशनांचे काम पुष्कळ पुढे रुजले: पश्चिम खानदेशात स्कॅन्डिनेव्हियन व स्वीडिश अलायन्स मिशनांचे, आणि भुसावळच्या बाजूस ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे. या मिशनऱ्यांनी नोंदी ठेवल्या नाहीत असे कोणी म्हणू नये. बाप्तिस्म्याची वही, विवाहाची वही आणि दफनाची वही या तिन्ही त्यांनी काळजीने लिहिल्या, व पुष्कळ ठिकाणी त्या अद्याप शाबूत आहेत. परंतु मंडळीची माणसे मोजण्याचे एक मोठे प्रयोजन असे की, समुद्रापलीकडच्या देणगीदारांस वार्षिक अहवाल पाठवावयाचा असे. अहवालासाठी किती आत्मे मिळाले हे पुरे होते. त्या आत्म्यांस मत आहे काय, हा प्रश्न अहवालात उद्भवत नव्हता. पगार मिशनचा, जमीन मिशनची, शाळा मिशनची; मग मत कशाचे द्यावयाचे?

पुढे देश स्वतंत्र झाला आणि परदेशी मिशनरी एकामागून एक परत गेले. मंडळी स्वतःची धनी झाली. दक्षिणेत २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासेस चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरास सहा वेगवेगळ्या मंडळ्यांचे ऐक्य होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. या ऐक्याची घटना वाचली तर तीत लोकसत्तेचे तत्त्व स्पष्ट आहे. स्थानिक पातळीवर पास्टरेट कमिटी, तिच्यावर बिशपच्या क्षेत्राची कौन्सिल, आणि सर्वांच्या शिरोभागी सिनॉड. या प्रत्येक पायरीवर धर्मगुरूंच्या जोडीने सामान्य सभासदांचे प्रतिनिधी बसावयाचे. खानदेशातील सर्व मंडळ्या या एका छत्राखाली आहेत असे नव्हे. अलायन्स मिशनांतून निघालेल्या मंडळ्या आपापल्या पंचांमार्फत कारभार करितात. परंतु छत्र कोणतेही असो, प्रतिनिधी निवडावयाचा म्हणजे निवडणारा कोण हे आधी ठरले पाहिजे. स्वराज्य मिळाले, परंतु स्वराज्याची मतदारयादी मात्र परराज्याच्या अहवालवहीवरूनच उतरून घेतली, अशी काहीशी स्थिति पुष्कळ ठिकाणी झाली आहे. जन्मलेल्याचे नाव वहीत चढते, कारण बाप्तिस्मा होतो. गाव सोडून सुरतेस किंवा पुण्यास गेलेल्याचे नाव उतरत नाही, कारण जाण्याचा कोणताही संस्कार नाही!

कायदा या बाबतीत मुका नाही. सन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याच्या १५ व्या कलमात सभासद कोणास म्हणावे हे सांगितले आहे: नियमांप्रमाणे ज्यास प्रवेश मिळाला, ज्याने वर्गणी भरली किंवा नामावलीवर सही केली, आणि ज्याने राजीनामा दिला नाही, तो सभासद. ‘नामावलीवर सही’ हे शब्द वाचकांनी ध्यानात घ्यावेत. दीडशेहून अधिक वर्षे कायदा सांगत आहे की सभासदत्व कागदावर उमटले पाहिजे. ते पाळकाच्या स्मरणात किंवा सेक्रेटरीच्या मर्जीत असून भागत नाही. त्याच कायद्याच्या १३ व्या कलमाप्रमाणे संस्था विसर्जित करावयाची तर सभासदांपैकी निदान तीन-पंचमांश लोकांनी तसे ठरविले पाहिजे. तीन-पंचमांश कशाचे? हा अपूर्णांक कोणत्या पूर्णांकाचा, हे सांगणारी वही नसेल तर कलम व्यर्थ होय.

हा केवळ वकिली काथ्याकूट आहे असे कोणास वाटत असेल तर त्यांनी शेजारच्या गुजराथेकडे पाहावे. नागपूरच्या ऐक्यात सामील झालेल्या सहा मंडळ्यांत ब्रदरेन मंडळी ही एक. तिच्या गुजराथेतील पहिल्या डिस्ट्रिक्टाने ऐक्यात जाण्याचा ठराव केला होता. परंतु पुढे त्या मंडळीतील काही लोकांनी आपली संस्था व तिची मिळकत स्वतंत्रच आहे असा दावा मांडिला. खटला खालच्या कोर्टापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि सन २०१३ त, म्हणजे ऐक्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी, निकाल लागला की नुसत्या ठरावाने संस्था विलीन होत नाही. संस्था विसर्जित करण्याची आणि न्यासाची मिळकत हलविण्याची जी रीत कायद्याने घालून दिली आहे ती पाळलेली नाही. सबब जुनी संस्था कायमच आहे. त्रेचाळीस वर्षांत एक पिढी जाऊन दुसरी म्हातारी होते. या काळात जी शक्ति व जो पैसा कज्ज्यात गेला त्यात किती शाळा चालल्या असत्या, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. एवढे मात्र खरे की, ठराव करण्यापूर्वी सभासद कोण व ते किती, हे सहीनिशी नोंदवून त्यांची रीतसर संमति घेण्याचा खर्च त्या मानाने काहीच नव्हता.

दुसरा धडा केरळातला. तेथील मलंकर मंडळीतील दोन पक्षांचा वाद फार जुना. सन १९९५ त सर्वोच्च न्यायालयाने त्या मंडळीच्या प्रातिनिधिक सभेचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा मोठ्या व लहान पॅरिशांस सारखेच प्रतिनिधी असणे गैर आहे, सभासदांच्या संख्येच्या प्रमाणात प्रतिनिधी असले पाहिजेत, असे त्याने म्हटले. पुढे मार्च २००२ मध्ये त्या सभेची बैठक न्यायालयाने नेमिलेल्या निरीक्षकांच्या, म्हणजे निवृत्त न्यायमूर्ती मळीमठ यांच्या, देखरेखीखाली झाली. प्रमाणात प्रतिनिधी द्यावयाचे म्हणजे प्रत्येक पॅरिशाची शिरगणती आली. ज्या धर्मसंस्थेने आपली माणसे आपण मोजली नाहीत, तिला अखेर कोर्टाच्या माणसासमोर मोजून घ्यावी लागली. आमच्या मराठी मंडळ्यांनी हा प्रसंग स्वतःवर ओढवून घेऊ नये.

आता ज्यांच्याकडून आमच्याकडील काही मंडळ्यांनी आपली रचना घेतली त्या इंग्लंडचे उदाहरण पाहा. तेथील राजमान्य चर्चने सन १९१९ च्या कायद्याने आपल्या राष्ट्रीय सभेस अधिकार मिळविले. तीत बिशप, धर्मगुरु आणि सामान्य सभासद अशी तीन स्वतंत्र गृहे होती, व तीच रचना पुढे १९७० पासूनच्या जनरल सिनॉडात कायम राहिली. सामान्य सभासदांच्या प्रतिनिधित्वाचा पाया म्हणजे प्रत्येक पॅरिशाची मतदार-नामावली. ती दरवर्षी तपासतात. आणि दर सहा वर्षांनी जुनी यादी पूर्णपणे रद्द करून कोऱ्या कागदापासून नवी करितात. तीस वर्षे त्याच बाकावर बसणाऱ्या गृहस्थासही पुन्हा अर्ज करावा लागतो. अशी नवी यादी २०१९ त झाली व त्यानंतर २०२५ त झाली. इंग्रजांचे सर्वच अनुकरणीय असे आम्ही कधी म्हटले नाही, व म्हणणारही नाही. परंतु ही कोऱ्या कागदाची रीत मात्र घेण्याजोगी आहे. आमच्या व्यापाऱ्यांस तर ती परकीही वाटू नये. दिवाळीस वही नवी घालतो तेव्हा जुन्या खात्याची बाकी तपासूनच पुढे ओढतो. बुडालेले खाते डोळे झाकून वर्षानुवर्षे ओढणाऱ्या पेढीचे पुढे काय होते हे सर्वांस ठाऊक आहे.

येथवरचे विवेचन सोपे होते. खानदेशात प्रत्यक्ष नामावली लिहावयास बसले म्हणजे तीन अडचणी उभ्या राहतात, आणि त्या टाळून चालणार नाही.

पहिली अडचण स्थलांतराची. आमच्याकडील आदिवासी व भूमिहीन कुटुंबे, ज्यांत ख्रिस्ती कुटुंबेही आली, दिवाळीनंतर ऊसतोडीस किंवा गुजराथेत मजुरीस जातात आणि उन्हाळ्यात परततात. नाताळच्या सुमारास सभा भरवून यादी कायम केली तर ती घरी राहणाऱ्यांची, म्हणजे नोकरदार व बऱ्या स्थितीतील लोकांची, यादी होते. यावर उपाय आपल्या पंचांगातच आहे. आखाजीस खानदेशचा माणूस जेथे असेल तेथून घरी येतो, लेकी माहेरी येतात. त्या सुमारास जो हजेरी घेईल त्यास गाव पुरा सापडेल. नामावलीच्या हरकतींची मुदत याच हंगामात ठेवावी.

दुसरी अडचण वर्गणीची. “जो वर्गणी देत नाही त्यास मत कसले?” असे म्हणणारे प्रत्येक संस्थेत असतात, आणि वरवर त्यांचे म्हणणे व्यवहाराचे दिसते. नोंदलेल्या संस्थेत तीन महिन्यांहून अधिक वर्गणी थकली तर मत जाते, हेही कायद्यात आहे. परंतु वर्गणी किती असावी हे कायदा ठरवीत नाही, संस्था ठरविते. जेथे ती मजुराच्या आवाक्याबाहेर ठेविली जाते तेथे ती मंडळीच्या पोषणासाठी असते की मजुरास दाराबाहेर ठेवण्यासाठी, याचा विचार व्हावा. सभासदत्वाची वर्गणी नाममात्र असावी, तिची पावती मिळावी, आणि ऐच्छिक दान हे तिच्याहून अगदी निराळे समजावे. विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट ज्या धर्मात सांगतात, त्या धर्माच्या मंडळीस हे आम्ही शिकवावे असे नाही.

तिसरी अडचण सर्वांत नाजूक. पुष्कळ लोक आपले नाव मंडळीच्या वहीत येऊ देण्यास कचरतात, आणि त्यांचे कचरणे निराधार नाही. सन १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंस, व पुढील दुरुस्त्यांनी १९५६ पासून शिखांस आणि १९९० पासून बौद्धांस आहेत. ख्रिस्ती झालेल्या दलितास त्या नाहीत. अनुसूचित जमातींस धर्माची अशी अट नाही. तरी धर्म बदललेल्या आदिवासींची नावे जमातीच्या यादीतून काढावीत, अशी मागणी अधूनमधून होत असतेच. त्यामुळे वहीतील एक ओळ म्हणजे मुलाची शिष्यवृत्ति किंवा नोकरी, असा हिशेब घरोघर चालतो. गरीब माणसास आपले नाव व आपली भाकरी यांतून एक निवडावयास लावणारा नियम कितपत न्याय्य आहे, हा मोठा प्रश्न आहे व त्यावर आम्ही स्वतंत्रपणे लिहू. नामावलीपुरते आमचे सांगणे एवढेच की, कोणाचेही नाव त्याच्या लेखी अर्जावाचून व सहीवाचून किंवा अंगठ्यावाचून चढवू नये. संख्या फुगविण्यासाठी परस्पर नावे लिहिणे हा त्या माणसावर अन्याय आहे आणि मंडळीशी प्रतारणाही आहे. तसेच नामावली मंडळीच्या लोकांस पाहण्यास खुली असावी, परंतु ती बाजारात फिरू नये. पत्ते व दूरध्वनी क्रमांक वेगळ्या पुस्तकात, जबाबदार माणसाच्या ताब्यात असावेत. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी सन २०२३ त कायदा झाला आहे. त्याचा आशय मंडळीने आपण होऊन पाळावा.

या सर्वांचा विचार करून आमच्या सूचना अशा आहेत. सभासद कोण, हे एका वाक्यात लिहून सभेत मंजूर करावे: बाप्तिस्मा झालेला, अठरा वर्षे पूर्ण केलेला आणि ठरावीक काळ त्या मंडळीत उपासनेस येणारा. यादी करण्यास पाच जणांची समिति नेमावी, तीत निदान दोन स्त्रिया असाव्यात, आणि त्या पाचांपैकी कोणीही पुढील निवडणुकीस उभे राहू नये. पाळकाने साहाय्य करावे, परंतु लेखणी त्याच्या एकट्याच्या हाती नसावी. स्त्रीचे नाव तिच्या स्वतःच्या नावाने लिहावे. ‘अमक्याचे कुटुंब’ असे लिहून एका घरास एक मत देण्याची रीत असल्यास ती बंद करावी. कच्ची यादी मंदिराच्या दारावर लावावी आणि ज्यांस वाचता येत नाही त्यांच्यासाठी दोन रविवारी उपासनेनंतर मोठ्याने वाचून दाखवावी. हरकतीस पुरेसे दिवस द्यावेत. नाव नाकारल्यास कारण लेखी द्यावे. गाव सोडणाऱ्यास बदलीपत्र द्यावे व ते दिल्याची नोंद करावी. निवडणूक झाली म्हणजे निवडून आलेल्या प्रतिनिधींची नामावली छापावी: कोणत्या मंडळीतून कोण, त्याची मुदत केव्हा संपते, तो कोणकोणत्या समितीवर आहे. आपला प्रतिनिधि कोण हेच ज्यास ठाऊक नाही, तो त्यास जाब कसा विचारणार? आणि विश्वस्त बदलले असल्यास ९० दिवसांच्या आत धर्मादाय कचेरीत बदल अर्ज दाखल करून त्यासोबत हीच नामावली जोडावी.

आमच्या वकिलीच्या दिवसांत एका संस्थेच्या दोन याद्या एकाच कोर्टात हजर झालेल्या आम्ही पाहिल्या आहेत. दोहोंवर शिक्का एकच, तारीख एकच, आणि नावे निम्मी निराळी. दोन्ही पक्षांचे लोक शपथेवर बोलत होते आणि दोघांसही आपलेच खरे वाटत होते. त्या दिवशी आमच्या लक्षात आले की, अप्रामाणिक माणसांपेक्षाही अव्यवस्थित वही संस्थेचा घात अधिक लवकर करिते.

“धर्मात ही मोजदाद कशाला? भक्तीची का वही असते?” असा एक आक्षेप शिल्लक राहतो, व तो पोकळ नाही. नारायण वामन टिळकांनी सन १९१७ त ‘देवाचा दरबार’ काढिला तेव्हा त्याची दारे बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांसही खुली ठेविली होती. शिष्यत्व वहीत मावत नाही, हे त्या थोर पुरुषास चांगले कळत होते. आम्हांसही ते मान्य आहे. परंतु दरबारात कोणी यावे हा प्रश्न वेगळा, आणि मंडळीच्या जमिनीच्या कागदावर सही कोणी करावी हा प्रश्न वेगळा. पंढरीच्या वाटेवर भक्तीस यादी नसते, तरी पालखीच्या पुढे व मागे दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो आणि दिंडीस क्रमांक असतो. त्या क्रमांकाने कोणाचा विठ्ठल लहानमोठा होत नाही. लक्षावधि लोकांत चेंगराचेंगरी मात्र होत नाही.

आमच्या हिंदु, जैन व मुसलमान वाचकांनी हा लेख दुसऱ्याच्या घरची झडती म्हणून वाचू नये. आपल्या देवस्थानाची, पांजरापोळाची, जमातीची, वाचनालयाची सभासद-वही शेवटची केव्हा तपासली, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे. ख्रिस्ती मंडळ्यांनी हे काम आधी करून दाखविले तर शेजाऱ्यांनी त्यांचा कित्ता गिरवावा. शेजाऱ्यांनी आधी केले तर ख्रिस्ती लोकांनी त्यांचा गिरवावा. आखाजी दरवर्षी येते. या खेपेस ती येईल तेव्हा शिंदखेडे तालुक्यातील एका तरी मंडळीच्या दारावर स्वच्छ अक्षरांत लिहिलेली कच्ची यादी लागलेली असावी, आणि उसाच्या फडावरून परतलेल्या एखाद्या बाईने तीत आपले नाव नाही म्हणून हरकत घ्यावी. ती हरकत ज्या दिवशी नोंदली जाईल, त्या दिवशी त्या मंडळीच्या स्वराज्यास प्रारंभ झाला असे आम्ही समजू.